न लिहिलेल्या वारशाचा कर

उरणहून करंजाच्या दिशेने निघाले की द्रोणागिरीचा डोंगर दिसू लागतो. वर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, पायथ्याच्या करंजा गावात द्रोणागिरी देवीचे देऊळ आहे. याच डोंगराचे नाव घेऊन सिडकोने नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला एक उपनगर आखले. बोकडवीरा, फुंडे, डोंगरी, पाणजे, पागोटे, नवघर, भेंडखळ या गावांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर आता इमारती उभ्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच सुमारास लोकल उरणपर्यंत आली, २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या जमिनीकडे एके काळी कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिचा भाव विचारायला आज लंडन-दुबईहून फोन येतात.

संजीवनी कोणती ते ओळखता येईना म्हणून मारुतीरायाने अख्खा द्रोणागिरी उचलून आणला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. वडील गेल्यानंतर आपल्याकडच्या मुलांची गत अशीच होते. कपाटातला कोणता कागद कामाचा ते कळत नाही, मग सगळी ट्रंकच वकिलाच्या टेबलावर येते. पनवेल आणि उरणच्या न्यायालयांत वारसाची कामे चालवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे अशा ट्रंका मी पुष्कळ उघडल्या. पूर्वी ट्रंकेबरोबर सगळे भाऊ एकाच रिक्षातून यायचे. आता एक येतो. बहीण लंडनजवळ असते, मधला भाऊ न्यू जर्सीला, धाकटा आखातात. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘साहेब, सरकार यातले किती कापून घेणार?’

माझे म्हणणे थोडक्यात असे, की हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. द्रोणागिरीच्या वारशावर आपले सरकार मृत्यूचा म्हणून एक पैसाही घेत नाही. तरीही आपली घरे जबर कर भरत असतात. तो न लिहिलेल्या वारशाचा कर असतो. तो वर्षांत भरावा लागतो, भावाबहिणींच्या तुटलेल्या बोलण्यात भरावा लागतो, आणि कुटुंब दोन देशांत विभागलेले असेल तर पौंड-डॉलरमध्येही भरावा लागतो.

कर होता, तो गेला

आपल्याकडे मृत्यूवर कर कधी नव्हताच असे नाही. १९५३ साली संपदा शुल्काचा कायदा झाला. पुढे त्याचे दर इतके चढले, की २० लाखांच्या वरच्या मालमत्तेवर ८५ टक्के शुल्क होते. मात्र एवढा मोठा दर असूनही हाती येणारी रक्कम वर्षाला जेमतेम वीस कोटींच्या घरात होती, आणि वसुलीचा खटाटोप मोठा होता. अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १६ मार्च १९८५ पासून ते बंद केले. त्यानंतर अधूनमधून वारसा कराची चर्चा उठते, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतही ती उठली होती, पण असा कर आज भारतात नाही.

वारसाने ती मालमत्ता विकली तर मात्र नफ्यावर कर आहे. योगायोग असा, की २३ जुलै २०२४ पासून जमीन-घराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर जो दर लागू झाला, तो आहे साडेबारा टक्के. उरण-पनवेलच्या माणसाला हा आकडा वेगळ्या अर्थाने पाठ आहे.

त्या आकड्याचा इतिहास रक्ताने लिहिलेला आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघरच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले आणि १९९० साली त्याची योजना आली. सामाजिक सोयींसाठीची कपात वजा जाता प्रत्यक्ष हाती पावणेनऊ टक्केच येतात, ही गोष्ट वेगळी.

आता पाहा, जमीन गेली आजोबांच्या नावची, निवाड्यात नाव आजोबांचे, आणि भूखंडाचा हक्क सांगायला आलेली तिसरी पिढी. मूळ खातेदार हयात नसला की न्यायालयाचा वारस दाखला लागतो. आपल्या भागात हा दाखला आजही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर नऊ वर्षांनी झालेला नियम विमानतळाशेजारच्या भूखंडाचा मालक ठरवतो. त्या दाखल्यात एखादी आत्या राहिली, एखाद्या चुलत्याच्या दुसऱ्या घरातली मुले राहिली, की फाइल थांबली. ज्या मातीसाठी पाच माणसांनी जीव दिला, तिचा परतावा घरातल्याच न लिहिलेल्या चार ओळींसाठी अडकून पडावा, याचे मला फार वाईट वाटते.

‘पोरं गुणाची आहेत’

मृत्युपत्राचा विषय काढला की वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. ‘वकीलसाहेब, आमची पोरं गुणाची आहेत. कागद कशाला?’ मुले गुणाची असतात, यात मला शंका नाही. पण कायदा गुण पाहत नाही, नाती मोजतो. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांना सारखा वाटा मिळतो. चार मुले, पत्नी आणि आई असतील तर सहा वाटे झाले. सहापैकी दोन सह्या परदेशात असल्या की साधी सदनिका विकायलाही महिनोन् महिने जातात.

दुसरे उत्तर असते, ‘नॉमिनी लावलाय ना!’ हा गैरसमज तर शिकलेल्या घरांतही घट्ट आहे. नामनिर्देशित माणूस म्हणजे मालक नव्हे. बँकेने किंवा कंपनीने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच ते नाव सांगते. पुढे ते पैसे वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ज्याचे, त्याचेच असतात. कंपन्यांच्या शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच पुन्हा स्पष्ट केले.

तिसरे उत्तर कुलमुखत्यारपत्राचे. परदेशी गेलेला मुलगा वडिलांना आणि वडील गावातल्या भावाला कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवतात आणि सगळे निश्चिंत होतात. पण देणारा गेला की ते पत्रही त्याच्याबरोबर संपते. मृताच्या कुलमुखत्यारपत्रावर झालेले व्यवहार नंतर किती जणांना न्यायालयात ओढून आणतात, हे सांगायला नको.

कर मृताकडे पाहतो

आता सीमेपलीकडे जाऊ. परदेशातल्या वारसा कराविषयी इकडे भीती पुष्कळ आणि माहिती थोडी. पहिली गोष्ट लक्षात ठेवावी, की ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांत हा कर मृताच्या मालमत्तेवर बसतो, घेणाऱ्याच्या खिशावर नव्हे. जन्मभर बोकडवीऱ्याला राहिलेले वडील इथेच वारले आणि इथली सदनिका लंडनच्या मुलाला मिळाली, तर ब्रिटनचा वारसा कर त्या सदनिकेला लागत नाही. अमेरिकेतल्या मुलीलाही मिळालेल्या वाट्यावर केंद्राचा कर नाही. मात्र परदेशातून १ लाख डॉलरपेक्षा जास्त वारसा आला तर तिने तिकडच्या कर खात्याला तो कळवावा लागतो. कळवले नाही तर दंड मोठा आहे, आणि तो कर नसतानाचा दंड आहे.

गाठ पडते ती पुढच्या पायरीवर. आता तो मुलगा लंडनमधल्या घराचाही मालक आहे आणि द्रोणागिरीतल्या सदनिकेचाही. ब्रिटनमध्ये ३ लाख २५ हजार पौंडांपर्यंतच्या मालमत्तेवर वारसा कर नाही. ही मर्यादा २००९ पासून तिथेच आहे. त्यावरच्या रकमेवर ४० टक्के. राहते घर मुलाबाळांना गेले तर आणखी सवलत आहे, पतीपत्नीमध्ये जाणाऱ्या मालमत्तेला सर्वसाधारणपणे कर नाही. पण ६ एप्रिल २०२५ पासून तिथला पायाच बदलला. आधीच्या २० वर्षांपैकी १० वर्षे जो तिथे राहिला, त्याच्या जगभरातल्या मालमत्तेवर आता हा कर आहे.

उदाहरणच घेऊ. तो मुलगा अविवाहित आहे, बारा वर्षे तिथे आहे. घर ५ लाख पौंडांचे, द्रोणागिरीची मालमत्ता १ लाख पौंडांची, कर्ज काही नाही. तो अकाली गेला आणि सगळे बहिणीकडे आले. एकूण ६ लाख, करमुक्त ३ लाख २५ हजार, उरलेल्या २ लाख ७५ हजारांवर ४० टक्के म्हणजे १ लाख १० हजार पौंड कर. त्यातले ४० हजार पौंड केवळ द्रोणागिरीपोटी. ज्या मालमत्तेवर भारत सरकार काही मागत नाही, तिच्यावर ब्रिटनने एवढी रक्कम घ्यावी!

यातून सुटण्याची एक जुनी वाट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५६ साली भारत आणि ब्रिटन यांच्यात संपदा शुल्काबाबत करार झाला होता. आपण ते शुल्क १९८५ मध्ये बंद केले, पण करार तसाच राहिला. त्यानुसार मृताचा कायमचा अधिवास भारतातलाच ठरत असेल, तर ब्रिटनबाहेरच्या त्याच्या मालमत्तेवर ब्रिटनने कर लावू नये. मात्र त्याला एक अट आहे. ती मालमत्ता ब्रिटिश कायद्याखालच्या मृत्युपत्राने वारसाकडे जाता कामा नये. म्हणजे मुलाने लंडनमधल्या वकिलाकडे एकच मृत्युपत्र केले आणि ‘माझी जगातली सगळी मालमत्ता बहिणीला’ असे त्यात लिहिले, तर त्या एका ओळीने कराराचे संरक्षण घालवले. तीच द्रोणागिरीची मालमत्ता भारतातल्या वेगळ्या मृत्युपत्राने दिली असती, तर ते ४० हजार पौंड वाचवण्याचा मार्ग खुला राहिला असता. कागदाच्या एका पानाची किंमत याहून स्पष्ट कशी सांगावी?

अमेरिकेचे गणित निराळे. तिथल्या नागरिकाला आणि कायम वस्ती केलेल्याला केंद्राची करमुक्त मर्यादा २०२६ साली दीड कोटी डॉलर आहे, म्हणजे सामान्य मराठी कुटुंबाला तिची चिंता नाही. पण इथे पनवेलमध्ये राहून अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या, किंवा मुलाबरोबर तिकडच्या घराला आपलेही नाव लावणाऱ्या वडिलांसाठी ती मर्यादा फक्त ६० हजार डॉलर आहे. त्यावर दर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो आणि भारताशी याबाबत करारही नाही. मोबाइलवरून अमेरिकेतले शेअर घेण्याची हौस सध्या निवृत्तांमध्येही आहे, त्यांनी हा आकडा वहीत टिपून ठेवावा.

कॅनडात वारसा कर नाही, पण तिथल्या रहिवाशाचा मृत्यू झाला की त्या क्षणी त्याने सगळे विकले असे समजून नफ्यावर कर आकारतात. ऑस्ट्रेलियात वारसा कर नाही. संयुक्त अरब अमिरातीतही नाही, पण तिथे प्रश्न वाटणीचा होता. १ फेब्रुवारी २०२३ पासून मुस्लिमेतरांसाठी नवा कायदा लागू झाला असून मृत्युपत्र नसेल तर अर्धा वाटा पती किंवा पत्नीला आणि अर्धा मुला-मुलींना सारखा असा नियम आहे. आपल्या हिंदू वारसा कायद्यातली आई त्या यादीत नाही, हे दुबईत खोली घेतलेल्या आणि गावी आई असलेल्या मुलाने ध्यानात घ्यावे.

दोन देश, दोन कागद

म्हणून माझा आग्रह असा, की ज्याची मालमत्ता दोन देशांत आहे, त्याने दोन मृत्युपत्रे करावीत. कारण साधे आहे. जमीन आणि घर ज्या मातीत आहे, तिथलाच कायदा त्यांना लागतो. बँकेतले पैसे, शेअर, दागिने यांना मृताच्या अधिवासाचा कायदा लागतो. एका कागदाने दोन धनी सांभाळणे कठीण होते. परदेशात प्रमाणित झालेले मृत्युपत्र इथे आणता येते, पण त्यासाठी पुन्हा इथल्या न्यायालयात जावे लागते.

दोन कागद करताना मात्र एक सापळा आहे. प्रत्येक मृत्युपत्राच्या सुरुवातीला छापील ओळ असते, ‘हे माझे अखेरचे मृत्युपत्र असून यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे.’ इथे उरणला मृत्युपत्र केले, पुढच्या वर्षी लंडनला केले, आणि त्यात ही ओळ जशीच्या तशी राहिली, की उरणचे मृत्युपत्र गेले. दोन्ही कागदांत स्वच्छ लिहावे, की हे फक्त भारतातल्या मालमत्तेपुरते, ते फक्त ब्रिटनमधल्या मालमत्तेपुरते, आणि एकाने दुसरे रद्द होत नाही.

दुसरा सापळा लग्नाचा. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यानुसार लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम नाही. त्यामुळे मुलाच्या लग्नानंतर त्याचा एक कागद जिवंत आणि दुसरा मृत, अशी विचित्र अवस्था होऊ शकते. लग्नाची पत्रिका छापायला देताना मृत्युपत्राचीही आठवण ठेवावी, हे ऐकायला बरे वाटत नाही, पण खरे आहे.

भारतातले मृत्युपत्र करणे मुळीच अवघड नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही. करणाऱ्याने सही करावी आणि दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये; आणि साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण असावेत, म्हणजे वेळ आल्यावर ते हयात असतील. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. कागद कोण अमलात आणणार, त्याचे नाव लिहावे, आणि तो माणूस शक्यतो इथेच राहणारा असावा. मुंबईतल्या मृत्युपत्रांना न्यायालयाच्या प्रोबेटची जी जुनी सक्ती होती, ती संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकली, त्यामुळे तेही एक कारण आता उरले नाही.

परदेशातल्या वारसाने पाठवायच्या कागदांचेही शिस्तीने पाहावे. तिकडून आलेले कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीकडून किंवा अपोस्टिल शिक्क्याने प्रमाणित असावे आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. वारशाने मिळालेली मालमत्ता विकताना विक्रेता परदेशात राहणारा असेल, तर खरेदीदाराला कर कापूनच पैसे द्यावे लागतात, आणि कर खात्याचा कमी कपातीचा दाखला आधी घेतला नसेल तर ती कपात नफ्यावर न होता सगळ्या किमतीवर होते. पैसे बाहेर नेण्यास बंदी नाही. आवश्यक कागद दिल्यास वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात. शेतजमीन अनिवासी भारतीयाला विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. एवढ्या चार गोष्टी आधी कळल्या, तर ऐनवेळची निम्मी धावपळ वाचते.

सीमा म्हणजे केवळ समुद्रापलीकडची, असेही नाही. आपल्याच शेजारी गोवा आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते. मृत्युपत्राने निम्मीच मालमत्ता मनाप्रमाणे देता येते, उरलेला हिस्सा मुलाबाळांचा ठरलेला असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका मालमत्तेच्या वादात निर्णय दिला, की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, तिला गोव्याचाच वारसा कायदा लागेल. म्हणजे मूळ पेडण्याच्या किंवा फोंड्याच्या आणि तिथलाच अधिवास टिकवलेल्या गृहस्थाने द्रोणागिरीत सदनिका घेतली, तर ती सगळी एकाच मुलाच्या नावे लिहून देण्याची मुभा त्याला नाही. शेजारच्या सदनिकेतल्या उरणकराला ती आहे. एका जिन्यावर दोन कायदे!

लेकीचे नाव

मृत्युपत्राचा एवढा पुरस्कार करताना एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. माझ्यासमोर आलेल्या मृत्युपत्रांपैकी बरीचशी एकाच हेतूने केलेली होती, आणि तो म्हणजे मुलींना वगळणे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ रोजी, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना, वडिलार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना तो मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते हा प्रश्न नाही. कायदा एकेक पाऊल पुढे गेला, आणि आपण हक्कसोडपत्राचा छापील नमुना खिशात ठेवून त्याच्या मागे चालत राहिलो. भाऊबीजेला ताटात साडी आणि साडीखाली हक्कसोडपत्र, असा प्रकार मी पाहिला आहे.

ज्या बहिणी परदेशात आहेत त्यांच्याबाबत युक्तिवाद ठरलेला. ‘तिला तिकडे काय कमी आहे?’ कमी-जास्तीचा हा हिशेब भावाच्या बाबतीत कोणी करत नाही. अमेरिकेतल्या भावाचा वाटा निमूट बाजूला ठेवला जातो. माझे मत स्पष्ट आहे. वडिलांना स्वकष्टाचे कोणालाही देण्याचा अधिकार आहे, तो वापरावा. पण कारण लिहून आणि घरात सांगून वापरावा. वडिलार्जित मालमत्तेत लेकीचा जो जन्मसिद्ध वाटा आहे, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही; मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्श्याचे करता येते. हे विसरून केलेला कागद भांडण मिटवत नाही, उलट वाढवतो.

सरकारने काय करावे

सगळा दोष कुटुंबांवर टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. जमिनीत हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे असे १९६६ च्या महसूल संहितेत आहे, पण पिढ्यान्पिढ्या मृतांची नावे सातबाऱ्यावर राहिली. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून ती नावे बदलण्याचे काम हाती घेतले, हे चांगले झाले. पण द्रोणागिरीसारख्या ठिकाणी प्रश्न सातबाऱ्याच्या पुढचा आहे. जमीन संपादित झाली की सातबारा शेतकऱ्याचा राहत नाही. उरतो तो निवाडा आणि भूखंडाचा हक्क. त्या हक्काच्या वारसांचीही अशीच मोहीम हवी. गावोगाव शिबिर लावावे, परदेशातल्या वारसाचा जबाब वकिलातीत घेऊन तो इथे ग्राह्य धरावा, वारसांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, हरकत असेल तर मुदतीत यावी. उद्या कोणाला वारसा कर पुन्हा आणायचा असला, तरी आधी वारस कोण हे सरकारला ठाऊक हवे. त्याआधी कर आणला तर तो श्रीमंतांऐवजी कागद नसलेल्यांवरच पडेल.

पण सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. गणपतीला मुले येतात, लंडनची लेक येते, दुबईचा धाकटा येतो. आरती झाल्यावर, जेवणे उरकल्यावर एक तास काढावा. काय आहे, कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, कर्ज किती, लॉकरची किल्ली कोणाकडे, हे एका कागदावर सगळ्यांसमोर लिहावे. कोणाला काय द्यायचे आणि का, हेही वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे. कोणाला वाईट वाटायचे असेल तर ते वडील समोर असताना वाटू दे. त्यांच्या हयातीतल्या रागाची समजूत घालता येते, माघारी आलेल्या रागाची नाही. मग वकिलाकडे जावे.

ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी मोबदल्यासाठी सरकारशी झुंज दिली आणि जिंकली. त्यांच्या नातवंडांनी तो मोबदला आपापसांत झुंजून घालवू नये, एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी दोन साक्षीदार पुरतात.